हरलेल्या आठवड्यांचा हिशेब

"मॅडम, एवढी वर्षं घातली, आता पोरगी पहिल्या-दुसऱ्या फेरीतच हरायलीया. थांबवू का?"

पोर बॅडमिंटनची सिंगल्स खेळतं, अशा घरांतून हा प्रश्न समुपदेशक म्हणून माझ्याकडे सारखा येतो. कोल्हापूरला खेळाचं कौतुक नवं नाही. पण फुटबॉलचा सामना गेला तर तो तालमीचा, म्हणजे पेठेच्या संघाचा जातो, अख्खी पेठ मिळून हळहळते. सिंगल्सच्या कोर्टवर पोर एकटं उभं असतं आणि हार थेट घरात येते.

अशाच एका मुलीबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. वय 19. वडिलांचं उद्यमनगरात छोटं लेथ वर्कशॉप. सतरा वर्षांखालच्या गटात नाव काढलेली ही मुलगी मोठ्यांच्या स्पर्धा सुरू झाल्यावर अडखळली. अडखळायची तीही एका ठरावीक जागी. गेममध्ये 17-14 अशी पुढे असायची आणि तिथून हातातला गेम घालवायची. सगळ्यांचं निदान ठरलेलं: मनानं कच्ची आहे.

मला हे निदान कधीच पटत नाही. माणूस उगाच कोसळत नाही. त्या क्षणी त्याच्या डोक्यातून एक नेमका विचार गेलेला असतो. तो हाताला लागेपर्यंत धीर धर, हिंमत ठेव, या सांगण्याला फारसा अर्थ नसतो.

"सतराला पोचल्यावर डोक्यात काय येतं?" मी विचारलं.

"काय नाही. भीती वाटती."

"भीती नंतर. तिच्या आधी काय?"

ती गप्प. रॅकेटच्या ग्रिपचं सुटलेलं टोक उलगडायची, परत गुंडाळायची. मीही गप्प बसले. अशा वेळी समुपदेशकानं मधे बोलू नये, असं माझं ठाम मत आहे.

"वही," ती म्हणाली.

"कसली?"

"पप्पांची. प्रत्येक टूर्नामेंटचं लिहितात. गावाचं नाव, एंट्री फी, रेल्वे, लॉज, शटलचा बॉक्स, रॅकेटच्या तारांचं गटिंग. आणि शेवटी मी कितव्या राउंडला हरलो ते. सर्व्हिसला उभारतो तवा ती शेवटची ओळ दिसती."

तिथंच सगळं उलगडलं. व्यवसाय करणारा माणूस खर्च लिहून ठेवणारच, त्यात वावगं काही नाही. पण मुलीनं त्यातून स्वतःपुरता अर्थ काढला होता: प्रत्येक पॉइंटला मी एकतर पप्पांचं देणं फेडतो, नाहीतर वाढवतो. नेटजवळचा नाजूक फटका बोटं सैल असल्याशिवाय येत नाही. देणं फेडायला निघालेला हात मूठ आवळून धरतो, आणि शटल नेटमध्ये जातं. त्या एका शब्दापर्यंत ती तिच्या गतीनं आली, याचं मला आजही समाधान आहे.

पुढच्या वेळी वडिलांना सोबत बसवलं.

"दादा, लेथ घेतलं तेव्हा पैसे किती वर्षांत सुटतील असं धरलं होतं?"

"पाच-सहा."

"मग दर शनिवारी मशीनपुढं उभं राहून वसुली मागितली का?"

त्यांना रोख कळला. "मी हिच्याकडं कधी एक रुपया मागितला नाही, मॅडम."

"नाही मागितला. पण वही तिनं वाचलीय."

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग मुलीकडे बघून म्हणाले, "अगं, तू कुठं कुठं खेळलीस ते राहावं म्हणून लिहितोय मी."

हे तिनं पहिल्यांदाच ऐकलं. इतकी वर्षं एका घरात राहून हे वाक्य कुणी बोललंच नव्हतं. आईबापहो, असं वाक्य तुमच्याही मनात असेल तर ते पोराला ऐकवा. त्याला ते आपोआप कळत नाही.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. सिंगल्सचं करिअर म्हणजे मुख्यतः हरणंच. 32 जणींच्या ड्रॉमध्ये आठवडाअखेर 31 जणी हरून घरी जातात. जागतिक क्रमवारीही हे गृहीत धरते: मागच्या 52 आठवड्यांतल्या सर्वांत चांगल्या दहा स्पर्धांचेच गुण मोजते. जास्त स्पर्धा खेळल्या तर वाईट आठवडे आपोआप गळून पडतात. घरातल्या हिशेबात मात्र नेमके तेच आठवडे उरतात.

सिंधू जागतिक स्पर्धेची अंतिम फेरी 2017 मध्ये हरली, 2018 मध्येही हरली. ती फायनलला कमी पडते, असं लोक उघड बोलत होते. 2019 मध्ये बासेलला त्याच स्पर्धेच्या फायनलला तिनं जपानच्या ओकुहाराला 21-7, 21-7 असं हरवलं. आपल्याच एच. एस. प्रणॉयनं मलेशिया मास्टर्स स्पर्धा जिंकली ती 2023 मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी. त्याच वर्षी त्याला जागतिक स्पर्धेत कांस्य मिळालं. प्रत्येक पोर सिंधू होईल, असं मी म्हणणार नाही. बहुतेक होत नाहीत. म्हणून पदवी सोडू देऊ नका. शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, त्याचे निकष आणि प्रमाणपत्रं वेळेत बघा. रेल्वेसारख्या संस्था खेळाडू घेतात, आणि प्रशिक्षकाचं काम हाही पूर्ण व्यवसाय आहे.

थांबायचं की नाही, हे मात्र हरलेल्या संध्याकाळी ठरवू नका. परतीच्या गाडीत तर अजिबात नको. वर्षातली एक तारीख धरा, आणि काय बघायचं ते आधीच प्रशिक्षकासोबत लिहून ठेवा: फिटनेस, दुखापती, वरच्या खेळाडूंशी गेम किती जवळ जातात, आणि पोराला अजून खेळावंसं वाटतं का.

या घरानं जून धरला आहे. वही आता मुलगीच लिहिते. खर्चाचा रकाना वडिलांनी वर्कशॉपच्या खात्यात हलवला, आणि शेवटच्या ओळीत त्या सामन्यात कुठला फटका जमला ते ती लिहिते. परवा दुसऱ्या फेरीत हरली, तिसऱ्या गेममध्ये, 19-21. जूनमध्ये थांबायचं ठरलं तर ते तिनं सांगायचं, हे वडिलांनी माझ्यासमोर कबूल केलं आहे.