अर्ज नेमका कुठे अडलाय?

“मुलगी हुशार आहे हो, पण फॉर्मचं नाव काढलं की टाळते. जायचंच नसेल तर तसं सरळ सांगावं ना!” ऑक्टोबर लागला की ही तक्रार घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येणारे आईबाबा वाढतात. अमेरिकेतल्या एमएसच्या, म्हणजे पदव्युत्तर पदवीच्या, बऱ्याच अर्जांची मुदत डिसेंबर-जानेवारीत संपते. जीआरई ही प्रवेशपरीक्षा आणि टोफेल ही इंग्रजीची परीक्षा होऊन गेलेली असते, बाबांनी बँकेत कर्जाची चौकशी केलेली असते, आणि अर्ज आहे तिथेच असतो. मुलं स्वतः येतात तेव्हा त्यांचा प्रश्न जास्त बोचरा असतो. “मॅडम, ऑफिसचं काम वेळेत होतं, मग स्वतःचंच का होत नाही? मी आळशी आहे का?”

या प्रश्नाचं उत्तर एका मुलीच्या निमित्ताने देते. तिला मानसी म्हणू. नाव बदललंय, ओळख पटेल असे तपशीलही बदललेत, आणि हे लिहायला तिची संमती आहे.

मानसी सव्वीस वर्षांची, मूळची सांगलीची. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशनची पदवी, हिंजवडीत नोकरी, वाकडला दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅट. अर्जाचं हे तिसरं वर्ष. पहिल्या वर्षी परीक्षाच राहिल्या. दुसऱ्या वर्षी परीक्षा दिल्या, गुण चांगले आले, अर्ज उघडला आणि अर्धवट सोडला. यंदा आणखी एक घाई होती. जीआरईचे गुण पाच वर्षं चालतात, टोफेलचे दोनच, आणि तिची ती दोन वर्षं फेब्रुवारीत संपत होती.

ती लॅपटॉप घेऊनच आली होती. आधी तिने विद्यापीठांची एक्सेल शीट दाखवली. बावीस विद्यापीठं तीन रंगांत लावलेली, प्रत्येकासमोर फी, अर्जाचं शुल्क, शहरातलं घरभाडं, जानेवारीतलं तापमान. मग म्हणाली, “मला एक कडक टाइमटेबल करून द्या. रोज किती वाजता काय करायचं, असं. मी पाळेन.”

टाइमटेबल मी दिलं नाही. बावीस शहरांची थंडी नोंदवून ठेवणाऱ्या मुलीला नियोजन शिकवायची गरज नसते. मी म्हटलं, “अर्ज उघड. कुठे जातेयस ते सांगत राहा. आत काही हललं, छातीत, पोटात, हातात, तर तेही सांग.”

तिने एका विद्यापीठाचं पान उघडलं. वैयक्तिक माहिती भरलेली, शिक्षण भरलेलं, नोकरी भरलेली, गुण भरलेले. ती भराभर दाखवत होती, आवाजही मोकळा होता. त्याखाली शिफारसपत्रांचा विभाग होता. तिथे तिची बोटं एकदम थांबली. क्षणभर पडद्याकडे पाहिलं, ते पान बंद केलं आणि पुन्हा एक्सेल शीट उघडली. “हे नंतर करते मॅडम, सोपं आहे. खरा प्रॉब्लेम एसओपीचा आहे, तो दाखवते.” एसओपी म्हणजे आपण काय केलं आणि पुढे काय शिकायचंय हे सांगणारा, अर्जासोबतचा निबंध.

मी तिला ते पान पुन्हा उघडायला सांगितलं. ती गप्प झाली. थोड्या वेळाने जे सांगितलं ते तिने घरीही कुणाला सांगितलं नव्हतं.

इथे पत्रांची पद्धत माहीत नसलेल्यांसाठी सांगते. अमेरिकेतल्या विद्यापीठांना साधारण तीन शिफारसपत्रं लागतात, आणि ती विद्यार्थ्याच्या हातात येत नाहीत. आपण प्राध्यापकांचं नाव आणि ईमेल भरायचा, विद्यापीठाकडून त्यांना लिंक जाते, ते थेट तिथे पत्र टाकतात. गेल्या वर्षी मानसीने तिच्या प्रोजेक्ट गाइड सरांचं नाव भरलं होतं. त्यांच्या घरी तेव्हा आजारपण सुरू होतं, तरी त्यांनी रविवारी बसून पत्र लिहिलं, टाकलं आणि मेसेज केला, “पत्र टाकलंय ग, शुभेच्छा.” मानसीने अर्ज सबमिट केलाच नाही. मार्चमध्ये सरांनी विचारलं, “काय झालं? कुठे मिळालं?” तिने उत्तर दिलं नाही. आठवड्याने तो चॅट अर्काइव्ह केला, डोळ्यांसमोर यायला नको म्हणून. त्यानंतर मैत्रिणीने कॉलेजजवळच्या हॉटेलात बोलावलं तरी ती काहीतरी सबब सांगायची.

अर्ज तिथे अडला होता. एसओपी, एक्सेल शीट, यूट्यूबवरचे “माझी एसओपी कशी निवडली गेली” छापाचे व्हिडिओ, हे सगळं त्या एका मेसेजच्या भोवती फिरत होतं.

कामं टाळण्यावर दीर्घकाळ संशोधन करणारे कॅनडातले मानसशास्त्रज्ञ टिमोथी पिचिल आणि त्यांचे सहकारी हेच मांडत आलेत. माणूस टाळतो ते काम पाहिलं की मनात उठणारी भावना नकोशी वाटते म्हणून. पान बंद केलं की लगेच हायसं वाटतं. ते हायसं वाटणं म्हणजे टाळण्याला मिळालेलं बक्षीस, आणि ज्याला बक्षीस मिळतं ते माणूस पुन्हा करतो. मानसीला रोज संध्याकाळी अर्ज उघडून बंद केल्यावर हे बक्षीस मिळत होतं, आणि रात्री अंथरुणात पडल्यावर त्याची किंमत मोजावी लागत होती. आळशी माणसाला अशी रात्रीची टोचणी लागत नाही. म्हणून मी “आळस” हा निवाडा कुणाबद्दलही सहजी मान्य करत नाही, आणि पालकांनाही विनवते की तो घरात उच्चारू नका.

मग तिचं म्हणणं असं की आता कुठल्या तोंडाने मागू? सर म्हणतील, माझा वेळ फुकट घालवलास.

सरांचा वेळ वाया गेला होता, हे खरंच होतं. “छे ग, सरांच्या लक्षातही नसेल” असं म्हणून मी तिची समजूत काढली असती तर तिचा माझ्यावर विश्वास बसला नसता. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धती वापरते. तिचे प्रवर्तक अल्बर्ट एलिस यांचा आग्रह असा की कृतीला चूक म्हणा, पण त्या एका कृतीवरून अख्ख्या माणसाला गुण देऊ नका. मानसीचं नेमकं उलटं झालं होतं. “मी उत्तर दिलं नाही” या वाक्यावरून ती “मी बेजबाबदारच आहे” यावर पोचली होती. पहिल्या वाक्याची माफी मागता येते. दुसऱ्याचं काय करणार? लपायचं, एवढंच उरतं.

तिला एका अभ्यासाबद्दल सांगितलं. कार्लटन विद्यापीठात मायकेल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांवर केलेला हा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी अभ्यास टाळणाऱ्यांपैकी ज्यांनी स्वतःला त्याबद्दल माफ केलं होतं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी कमी टाळाटाळ केली. आपल्याकडे समज उलटा आहे. स्वतःला जितकं टाकून बोलू तितकं कामाला लागू, असं आपण धरून चालतो. मानसी दोन वर्षं स्वतःला टाकूनच बोलत होती.

त्या दिवशी आम्ही एवढंच केलं. तिने मेसेज लिहिला, मी फक्त त्यातली कारणं काढायला सांगितली, कारण तीन ओळी कामाच्या व्यापाच्या होत्या आणि माफी त्यांत बुडाली होती. उरलं ते असं : “सर, नमस्कार. गेल्या वर्षी तुम्ही अडचणीतून वेळ काढून पत्र दिलंत आणि मी अर्जच पूर्ण केला नाही. तुमच्या मेसेजला उत्तरही दिलं नाही. मनापासून माफी मागते. यंदा १५ डिसेंबरच्या आत अर्ज करतेय. तुम्ही पुन्हा पत्र द्याल का? जमणार नसेल तर मी समजू शकते.”

तिने तो माझ्यासमोर पाठवला नाही, मीही आग्रह धरला नाही. पुढच्या भेटीत आली तेव्हा पाठवून झाला होता, कंपनीच्या बसमधून. सरांचं उत्तर संध्याकाळी आलं होतं : “शनिवारी ये कॉलेजला. नवा बायोडाटा आण.” भेटीत त्यांनी एकदा चांगलं सुनावलं म्हणे, आणि मग चहा मागवला. दुसऱ्या एका प्राध्यापकांनी मात्र दोन ईमेलना उत्तर दिलं नाही. त्यांच्या जागी तिने ऑफिसमधल्या टीम लीडला विचारलं. सगळेच सरांसारखे भेटतात असं नाही, म्हणून चौथं नाव हाताशी असावं.

एसओपीची अडचण खोटी नव्हती, पण ती वेगळ्या जातीची होती. तिचा पहिला परिच्छेद “लहानपणापासून मला तंत्रज्ञानाची ओढ” असा सुरू व्हायचा आणि तिथेच मरायचा. मी तिला लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हटलं, तुझा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मला मराठीत सांग, फोनवर रेकॉर्ड कर. ती सांगू लागली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. तिच्या मामांचं घर पाण्यात. घरातले सगळे पाणीपातळीचे आकडे व्हॉट्सअॅपवरून मिळवत होते, कुठला ताजा आणि कुठला कालचा ते कळत नव्हतं. त्यातून तिने आणि दोन मित्रांनी पातळी मोजून मेसेज पाठवणारं एक स्वस्त यंत्र केलं. सेन्सर पावसात चुकीचे आकडे द्यायचा, तो का चुकतो हे शोधण्यात तिचे चार महिने गेले, आणि पूर्ण उत्तर सापडलं नाही. म्हणून तिला पुढे सिग्नल प्रोसेसिंग, म्हणजे अशा गोंधळलेल्या संकेतांतून खरी माहिती वेगळी काढण्याचं तंत्र, शिकायचं होतं.

मी विचारलं, “हे एसओपीत का नाही?” तर म्हणे, “हे तर घरचं आहे मॅडम, त्यात काय सांगायचं?” निवड करणाऱ्या प्राध्यापकांना हेच वाचायचं असतं : काय केलंस, कुठे अडलीस, पुढे काय शिकायचंय, आणि ते आमच्याचकडे का. तंत्रज्ञानाची ओढ तर प्रत्येक अर्जदाराला असतेच.

वेळेचं मग पटकन जमलं. संध्याकाळी हिंजवडीच्या ट्रॅफिकमधून आलेल्या माणसाकडून लिहिणं होत नाही, तेव्हा सकाळ धरली. एक खूण ठरवली : चहाचा कप टेबलावर ठेवला की लॅपटॉप उघडायचा आणि कालचा परिच्छेद मोठ्याने वाचायचा. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिलंय की “रोज लिहीन” या निश्चयापेक्षा “अमुक झालं की तमुक करीन” हे ठरवणं जास्त टिकतं. बावीस विद्यापीठांची सात झाली. शेवटच्या तारखेचंही बोललो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे १५ डिसेंबरचे रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ तारखेचे सकाळचे १०:२९. मुलं ही सकाळ मिळकतीत धरतात. मी तिला १० तारीख धरायला लावली.

आता आईचा प्रश्न. मानसीच्या आईंनी मला फोनवर विचारलं, “मनातून जायचंच नसेल का हिला?” तसं असू शकतं, म्हणून मी ते तपासतेच. मी विचारते, उद्या कळलं की यंदा प्रवेशच बंद झालेत, तर? पहिल्यांदा “सुटलो” असं जवळजवळ सगळ्यांना वाटतं. मी त्यानंतर काय येतं याची वाट बघते. मानसी आधी हसली, आणि मग तिचा चेहरा उतरला. काही वर्षांपूर्वी आलेल्या एका मुलाचं मात्र ते “सुटलो” पुढच्या भेटीपर्यंत तसंच टिकलं. मित्र चाललेत म्हणून तो निघाला होता. त्याचा अर्ज आम्ही विचारपूर्वक बंद केला, आणि ते घरच्यांना कसं सांगायचं यावर काम केलं.

मानसीच्या आई रोज रात्री विचारायच्या, “भरलास का फॉर्म?” त्यामुळे फोन वाजला तरी तिच्या पोटात गोळा यायचा. आम्ही ठरवलं की मानसी दर रविवारी आपणहून सांगेल आणि मधल्या दिवसांत आई फॉर्म सोडून सगळं विचारतील. पहिला आठवडा आईंना फार जड गेला. तरी त्यांनी पाळलं, याचं मला मनापासून कौतुक आहे.

एक सावधगिरी. टाळाटाळ फक्त अर्जापुरती नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप, जेवण, अंघोळ, मित्र, सगळ्यातूनच मन उडालं असेल, किंवा लहानपणापासून कुठल्याच कामावर लक्ष टिकत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जवळ कुणी नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

मानसीचे सातपैकी सहा अर्ज वेळेत गेले, सातव्याचं एक पत्र राहिलं. चार नकार, दोन होकार.

तुमचाही अर्ज पत्रापाशी अडला असेल तर दिवाळीची सुट्टी लागायच्या आत मेसेज करा. सुट्टीनंतर प्राध्यापक परीक्षांच्या कामात असतात, आणि तीन आठवडे हातात ठेवून मागितलेलं पत्र घाईत मागितलेल्यापेक्षा नेहमीच चांगलं उतरतं. सोबत बायोडाटा, विद्यापीठांची यादी, मुदतीच्या तारखा आणि तुम्ही त्यांच्या हाताखाली काय केलं होतं याच्या चार ओळी द्या. गेल्या वर्षीचं काही राहून गेलं असेल तर ते पहिल्याच ओळीत लिहा.