जाम इंजिन, आधी घाई थांबव

अरे, बरेच दिवस उभ्या गाडीचं इंजिन जाम झालं असेल तर पहिली गोष्ट म्हणजे स्टार्टर मारू नकोस आणि गाडी ढकलून गिअरमध्ये तर अजिबात टाकू नकोस, पिस्टनच्या जाम झालेल्या रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकतो आणि वाचणारं इंजिन कायमचं जातं. आधी न्यूट्रल करून खात्री कर की खरंच इंजिनच अडकलंय, कधीकधी नुसता स्टार्टरचा दात फ्लायव्हीलमध्ये (इंजिनच्या जड दातेरी चाकात) रुतलेला असतो. मग डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) बघ, ऑइल दुधाळ असेल तर पाणी आत गेलंय, बहुतेक हेड गास्केट (सिलिंडर हेडखालचं सील) गेलंय. आता सगळे स्पार्क प्लग काढ, कुठला गंजलाय ते लक्षात ठेव, तोच सिलिंडर दोषी असण्याची शक्यता जास्त, आणि भोकातून छोटा कॅमेरा घालून बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, बघ. वरवरचा तांबूस गंज असेल तर आशा आहे, खोल खड्डे दिसले तर इंजिन उघडावंच लागणार. प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल (एटीएफ) आणि ॲसिटोन निम्मंनिम्मं ओत (वाफ पेट घेते, ठिणगी लांब ठेव!) आणि आठवडाभर तरी मुरू दे. नंतर क्रँक पुलीच्या (इंजिनच्या पुढच्या टोकाच्या पट्ट्याच्या चाकाच्या) बोल्टवर लांब पाना लावून हळूच मागेपुढे हलव, केसभर हलली तरी खूप झालं, पुन्हा तेच मिश्रण घाल आणि थांब. चालू असताना जाम झालेलं इंजिन मात्र वेगळं, तिथे बहुतेकदा बेअरिंग गेलेली असतात, तेल ओतून काही होत नाही.