लॅटिनमधली कर्मणी धातुसाधितं कशी ओळखायची आणि बनवायची? दहावीला संस्कृत होतं, पण इंग्रजी पुस्तकातलं ‘हॅव्हिंग बीन’ डोक्यात शिरत नाही.

संस्कृत होतं ना? मग ते ‘हॅव्हिंग बीन’ आधी डोक्यातून काढून टाका. शाळेत कभूधावि (कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित विशेषण) म्हणून जे घोकलंत, तेच हे. लाऊदातुस म्हणजे स्तुत, दातुस म्हणजे दत्त. लिंग, वचन, विभक्ती नामाप्रमाणे.

बनवायला कोशातल्या चार रूपांपैकी चौथं उचला: लाऊदो, लाऊदारे, लाऊदावी, लाऊदातुम. शेवटचं उम काढून उस, आ, उम लावा. फेरोचं (वाहून नेणे) चौथं रूप लातुम का होतं, असं विचारत बसू नका, पाठ करा; वच् चं उक्त पाठ केलंत तसं. युज् चं युक्त होतं त्याच चालीवर आगोचं (हाकणे, करणे) आक्तुस होतं. छिद्-भिद् चे लॅटिन भाऊबंद स्किंदो आणि फिंदो. आपल्याकडे पाणिनीच्या ‘रदाभ्यां निष्ठातो नः’ या सूत्राने त चा न होऊन छिन्न, भिन्न. तिकडे स्किस्सुस, फिस्सुस.

आता मुद्द्याचं. मी शाळेत संस्कृत शिकवायचे. निवृत्तीनंतर इंग्लंडमधल्या एका बाईंकडे ऑनलाइन लॅटिन लावलं. सीझरच्या गॉलच्या युद्धाच्या पहिल्याच भागात तो गॉल सरदारांना धीर देतो आणि पुढे वाक्य येतं: ‘हाक ओरातिओने हाबिता, कोंकिलिउम दीमीसित.’ हाबिता हे आपलं कभूधावि, ओरातिओनेसारखंच पंचमीत. मी भाषांतर केलं, ‘हे भाषण करून त्याने सभा बरखास्त केली’, अर्थात इंग्रजीत. बाईंनी अर्धा मार्क कापला. का, तर कर्मणीचं कर्तरी केलं! त्यांना ‘हे भाषण केलं गेलेलं असताना’ असलं काहीतरी हवं होतं. असं माणसं बोलतात का?

मी तिथेच सांगितलं की लॅटिनकडे कृतवान् (ज्याने केलं तो) नाही आणि कृत्वाही (करून) नाही. ‘करून’ म्हणायची सोयच नाही, म्हणून बिचारा सीझर ‘भाषण केलेलं असता’ असा वळसा घेतो. आपली सति सप्तमीच ती (‘रामे गते सति’, म्हणजे राम गेला असता), फक्त पंचमीत. भाषण करणारा तोच, सभा मोडणारा तोच. मराठीत तो ‘करून’च म्हणाला असता. बाई म्हणाल्या, रूप ओळखलंय हे दिसायला हवं. रूप ओळखल्याशिवाय मी ‘करून’पर्यंत पोचले कशी? वर्गातल्या एकाने मध्येच ‘संस्कृत ही लॅटिनची आईच’ असं म्हणून माझी बाजू घेतली, त्याने माझं नुकसानच झालं. आई नाही हो, बहीण. भाषापंडित विल्यम जोन्सने 1786 मध्येच म्हटलंय की या भाषांचं मूळ एक, आणि ते बहुधा आता उरलेलं नाही.

दुसरं धातुसाधित विध्यर्थी, -न्द- वालं: लेगेन्दुस म्हणजे वाचायचा, पठनीय. यात तर मराठी संस्कृतच्याही पुढे. ‘मिहि लिबेर लेगेन्दुस एस्त’ म्हणजे सरळ ‘मला पुस्तक वाचायचं आहे’. संस्कृतात ‘मया’ किंवा ‘मम’ लागतं, लॅटिनची चतुर्थी आपल्या ‘मला’शी जुळते. अजेंडा, मेमोरँडम हे याच घराण्यातले. क्रियमाणसारखं (केलं जात असलेलं) वर्तमान कर्मणी मात्र लॅटिनमध्ये नाहीच, शोधू नका.

एक राहिलं. ‘-ऊन’ सगळीकडे चालवू नका. ‘उर्बे काप्ता’ म्हणजे शहर घेतलं गेल्यावर. घेणारा दुसराच कुणी असेल तर ‘घेऊन’ चूक. शंका आली की ‘-ल्यावर’ वापरा. आणि काही धातू रूपाने कर्मणी पण अर्थाने कर्तरी असतात: लोकूतुस म्हणजे ‘बोललेला’.

हेच मी शेवटी बाईंना लिहून पाठवलं. सीझरने ‘हाएक लोकूतुस’ लिहिलं असतं, तर ‘हे बोलून’ या भाषांतराला तुम्ही पूर्ण मार्क दिले असते. माणूस तोच, सभा तीच, भाषण तेच. धातू बदलला म्हणून माझा अर्धा मार्क जातो कसा? उत्तर अजून आलेलं नाही.