मोजणं तालमीत संपव

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. सात मात्रांतली गाणी आठांत बसवू का, आणि स्टेजवरच्या उड्या बंद करू का? दुखणं एकच आहे. परवा मी मिक्सरपाशी उभा होतो, तुझे ओठ हलताना दिसत होते. मॅथ रॉक, म्हणजे असल्या वाकड्या मात्रांचं रॉक, ड्रमवर वाजवणारी पोर भर कार्यक्रमात आकडे मोजते! अगं, मोजणं तालमीत संपवायचं असतं.

बेसवाला म्हणतो लोकांना ठेका सापडत नाही. त्याला म्हणावं, वाजवताना समोर बघत जा. पुढची पोरं दोन-दोनच्या हिशोबानं माना हलवत होती. सात विषम, म्हणून एका फेरीत सम, म्हणजे पहिली मात्रा, आली ती मान खाली जाताना, पुढच्या फेरीत वर येताना. आधी गडबडली, मग एकमेकांकडे बघून हसायला लागली, आणि तिसऱ्या गाण्याला खुर्च्या सोडून उठली. ही मजा आठांत कोंबून मारून टाकणार आहेस?

आपल्याकडे सातांचं कुणाला नवल नाही. रूपकातल्या, म्हणजे सात मात्रांच्या तालातल्या, गझला ऐकत आपण वाढलो. तीं तीं ना, धीं ना, धीं ना. समेवरच खाली, म्हणजे जिथं जोर यावा असं वाटतं तिथं डग्गा गप्प. आकडे सोड आणि हे बोल धर. क्रांती चौकातून पैठण गेटाकडे चालत जा, तोंडानं रूपक, पायांनी नुसतं चालणं. सम एकदा डाव्या पायावर पडेल, पुढच्या फेरीला उजव्या. पाय बदलला तरी बोल अडखळले नाहीत, की समज सात अंगात उतरले. त्याआधी स्टेजवर चढायचं नाही.

तुमच्या दुसऱ्या गाण्यात गिटार सातांत फिरते आणि तू आठांत. छप्पन्न मात्रा संपल्या की दोघं एकदम समेवर. फार सुंदर जागा आहे ती, मी मनापासून सांगतो. पण तिथं तू क्रॅश, ती मोठी झांज, मारतेस आणि लगेच गिटारवाल्याकडे बघतेस, बरोबर आलं ना म्हणून. लोकांना क्रॅश ऐकूच येत नाही, तुझी ती शंका तेवढी दिसते.

न्यूयॉर्कच्या बॅटल्स या बँडचा जॉन स्टॅनियर बघ. ड्रम सगळ्यांच्या पुढं, मधोमध. क्रॅश इतकी उंच टांगलेली की हात पूर्ण ताणल्याशिवाय काठी पोचत नाही. हात आधीच निघावा लागतो. मोजत बसणाऱ्याचं ते कामच नाही. आणि तुम्ही तुझा ड्रम पडद्याला चिकटवून मागं ठेवता! पुढं आण.

उड्यांचं म्हणशील तर, बंद कशाला करायच्या? गोंधळातला संबळवाला कमरेला संबळ बांधून उभ्या उभ्या रात्र काढतो, पायही थांबत नाहीत. कितवी मात्रा चालू आहे विचारलंस तर हसेल तुला. फक्त दोन्ही हातांनी टॅपिंग, म्हणजे बोटं तारांवर आपटून वाजवणं, चालू असताना गिटारवाल्याला उडी मारू देऊ नको. आणि उडी समेवर टेकली पाहिजे, सुटली नाही पाहिजे. हेही तालमीतच.

तू म्हणशील, काकांना बोलायला काय जातं. जातं बाई. ऑर्केस्ट्रात मी कैक वर्षं वाजवलं. मग मालकानं लॅपटॉप आणला. आधी भरलेला ट्रॅक सोडायचा, कानात क्लिकची टिकटिक, आणि आम्ही वर नुसते हात हलवायचे. गायक रंगात येऊन एखादं आवर्तन वाढवायचा तर ट्रॅक पुढं निघून गेलेला. मी पार्टी सोडली. घरात कुरकुर झाली, लग्नसराईचे पैसे गेले, आणि स्वतःचा बँड काही उभा राहिला नाही. तेवढी एक सल आहे. पण सोडली ते बरोबरच केलं, आज परत विचारलं तरी तेच करीन. यंत्रानं मोजायचं आणि आपण मागं फरपटत जायचं, याला वाजवणं म्हणत नाहीत. तू तर यंत्राशिवायच तसं करते आहेस, म्हणून जीव तुटतो.

तेव्हा आठाचा विषय बंद. रविवारी तालमीला येतो. क्लिक सुरुवातीला लावू, मग काढून टाकू. गिटारवाल्याला सांग, केबल लांब आण. परवाच्या उडीत ती जॅकमधून निसटता निसटता राहिली होती.

तुझा,
काका