व्यवसाय-प्रक्रियेची मांडणी, विश्लेषण आणि पुनर्रचना शिकायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

आपण लिहिले आहे की वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आपण कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या खरेदी विभागात दोन वर्षे काम करत आहात, आता ‘प्रक्रिया सुधारणा’ हे काम आपल्याकडे सोपवले गेले आहे, आणि त्यासाठी कोणते सॉफ्टवेअर शिकावे व कोणता अभ्यासक्रम करावा हे आपल्याला ठरवायचे आहे. मी सांगलीतच राहतो आणि बरीच वर्षे हेच काम करत आलो आहे. सॉफ्टवेअरचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी घेतो, कारण या विद्येचा गाभा आकृती काढण्यात नाही. काम प्रत्यक्षात कोणत्या वाटेने जाते आणि कुठे थांबते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्यात तो आहे.

माझे पहिले स्वतंत्र काम बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये होते. मार्च-एप्रिलमध्ये शेडवर वाळलेला बेदाणा एकदम येऊ लागतो आणि फाटकाबाहेर टेम्पोंची रांग लागते. शेतकरी वैतागलेले, हमाल ताटकळलेले, आणि मालकांच्या मते दोष पावती करणाऱ्या कारकुनाचा. मी ऑफिसात बसून मालक आणि दिवाणजी यांना विचारून आठ चौकोनांची नीटनेटकी आकृती काढली: आवक नोंद, वजन, तपासणी, उतरवणी, चेंबर, पावती वगैरे. सर्वांनी मान डोलावली. त्या आकृतीत चूक अशी काही नव्हती, पण रांग का लागते याचे उत्तरही तिच्यात कुठे नव्हते. काम कसे व्हायला हवे हे मला सांगितले गेले होते आणि मी तेवढेच काढले होते.

दुसऱ्या दिवशी मी वही आणि घड्याळ घेऊन एका टेम्पोच्या मागे लागलो. तासगाव तालुक्यातला तो टेम्पो सकाळी 9 वाजून 10 मिनिटांनी फाटकाशी आला. रजिस्टरमध्ये नोंद व्हायला 5 मिनिटे लागली. त्यानंतर काट्यावर पोहोचायला 10 वाजून 35 मिनिटे झाली आणि वजन 4 मिनिटांत झाले. पुन्हा थांबून 11 वाजून 20 मिनिटांनी नमुना काढून ओल तपासली गेली, त्याला 10 मिनिटे. उतरवणी 11 वाजून 50 मिनिटांनी सुरू झाली आणि 42 मिनिटे चालली. रिकाम्या गाडीच्या वजनाला 3 मिनिटे. पावती मात्र शेतकऱ्याच्या हातात दुपारी 3 वाजून 5 मिनिटांनी पडली, आणि ती तयार करायला कारकुनाला 6 मिनिटे लागली होती. एकूण काळ 355 मिनिटे, त्यात प्रत्यक्ष काम 70 मिनिटे, म्हणजे जवळपास 20 टक्के. उरलेला सगळा वेळ वाट पाहण्यात गेला होता. प्रत्यक्ष कामाचा वेळ भागिले एकूण वेळ हे गुणोत्तर या विषयातले सर्वांत साधे मोजमाप आहे, आणि कोणत्याही प्रक्रियेसाठी ते आपण सर्वप्रथम काढावे असे मी आग्रहाने सांगेन.

रिकाम्या गाडीच्या वजनानंतर पावती मिळेपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ कुठे गेला, हे शोधायला मला आणखी एक दिवस लागला. पावतीवर लॉट नंबर आणि चेंबरमधली जागा लिहावी लागते, आणि ती जागा चेंबरवरचे सुपरवायझर चिठ्ठीवर लिहून देत. प्रत्येक चिठ्ठीसाठी थंड चेंबरमधून बाहेर येऊन ऑफिसपर्यंत चालत जाणे त्यांना शक्य नव्हते. म्हणून ते चिठ्ठ्या खिशात साठवत आणि जेवणाच्या सुट्टीनंतर एक गठ्ठा, संध्याकाळी दुसरा गठ्ठा असे टेबलावर आणून ठेवत. कारकून संथ नव्हता. त्याच्यापर्यंत काम गठ्ठ्यानेच पोहोचत होते. आदल्या वर्षी मालकांनी पावती झटपट छापणारे सॉफ्टवेअर घेतले होते, त्याने सहा मिनिटांची तीन मिनिटे झाली असती तरी शेतकऱ्याला फरक पडला नसता. त्या माणसाला विनाकारण बोल लागत होता, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. विश्लेषण नीट न केल्याची किंमत बहुधा साखळीच्या शेवटी बसलेल्या माणसाला मोजावी लागते.

आता आकृतीच्या भाषेविषयी. कामाच्या टप्प्यांना चिन्हे देण्याची पद्धत जुनी आहे. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने 1921 मध्ये अमेरिकेतील यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे प्रक्रिया-तक्त्यांची कल्पना मांडली, आणि पुढे त्यातून क्रिया, वाहतूक, तपासणी, विलंब व साठवण अशी पाच चिन्हे रूढ झाली. आज सर्वत्र वापरली जाणारी बीपीएमएन (बिझनेस प्रोसेस मॉडेल अँड नोटेशन) ही प्रक्रियेची आकृती काढण्याची चिन्हभाषा 2004 मध्ये आली, तिची दुसरी आवृत्ती 2011 ची, आणि 2013 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. ती जरूर शिकावी, पण एक लक्षात ठेवावे की कामांमध्ये साचणाऱ्या विलंबासाठी तिच्यात वेगळे चिन्ह नाही. दोन चौकोनांमधल्या बाणात अडीच तास दडलेले असले तरी बाण तेवढाच दिसतो. म्हणून मी प्रत्येक चौकोनाखाली कामाचा वेळ आणि प्रत्येक बाणावर थांबण्याचा वेळ हाताने लिहितो.

बीपीएमएनमध्ये चिन्हे पुष्कळ आहेत, पण सुरुवातीला मोजकी पुरतात: बारीक रेघेचे वर्तुळ म्हणजे प्रारंभ, जाड रेघेचे वर्तुळ म्हणजे शेवट, गोलसर कोपऱ्यांचा चौकोन म्हणजे काम, आणि पत्त्यांतल्या चौकटसारखा, टोकावर उभा आकार म्हणजे वाट फुटण्याची किंवा मिळण्याची जागा. या आकारात गुणिलेचे चिन्ह असेल तर अनेकांपैकी एकच वाट धरायची, अधिकचे असेल तर सगळ्या वाटा एकाच वेळी चालतात. नवशिक्यांची नेहमीची चूक इथे होते. समजा, तपासणीत त्रुटी आढळली तर नोंद करायची आणि न आढळली तर पुढे जायचे, अशा दोन वाटा गुणिलेने फोडल्या आणि पुढे अधिकने जोडल्या. अधिकचे चिन्ह दोन्ही वाटांवरून काम येण्याची वाट पाहते, प्रत्यक्षात एकाच वाटेवरून येते, आणि प्रक्रिया तिथे कायमची अडकते. ज्या चिन्हाने फोडले त्याच चिन्हाने जोडावे, ही सवय सुरुवातीपासून लावून घ्यावी. कोण काय करते हे आडव्या पट्ट्यांनी दाखवतात. शेतकरी, अडते, बँक हे आपल्या संस्थेबाहेरचे असल्याने त्यांना स्वतंत्र आडवा खण द्यावा आणि त्यांच्याशी होणारी देवाणघेवाण तुटक रेषेने दाखवावी.

मोजमापासाठी आणखी एक सूत्र पाठ असावे. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये ते सिद्ध केले: व्यवस्थेत सरासरी किती कामे असतात ती संख्या म्हणजे कामे येण्याचा दर गुणिले प्रत्येक काम आत घालवते तो सरासरी वेळ. आवारात सरासरी 24 गाड्या असतील आणि तासाला 4 गाड्या येत व तितक्याच बाहेर पडत असतील, तर प्रत्येक गाडी सरासरी 6 तास आत असते. म्हणजे घड्याळ घेऊन प्रत्येक गाडीमागे फिरावे लागत नाही. फाटकाचे रजिस्टर आणि दर तासाला आवारातल्या गाड्यांची मोजणी एवढ्यावरून अंदाज येतो. आपल्या टेबलावर पडून असलेल्या खरेदी मागण्यांनाही हे तंतोतंत लागू आहे.

पुनर्रचना करताना आम्ही तीनच गोष्टी बदलल्या. चेंबरमधल्या मोकळ्या जागांची यादी सकाळीच काट्यावर आली, त्यामुळे जागा उतरवणीआधीच ठरू लागली आणि चिठ्ठीची गरजच संपली. शेतकऱ्याचे नाव, गाव आणि मोबाईल नंबर तीन ठिकाणी लिहिला जात होता, तो फाटकावर एकदाच लिहिला जाऊ लागला. आणि ओलीची तपासणी काट्यानंतर होत होती ती फाटकावर आली. या तिसऱ्या बदलामागे सर्वत्र उपयोगी पडणारा नियम आहे: ज्या तपासण्यांत काम नाकारले जाऊ शकते, त्यांपैकी स्वस्त आणि जास्त प्रमाणात नकार देणारी तपासणी आधी घ्यावी. नाहीतर परत जाणारा मालही रांगेत उभा राहून इतरांचा वेळ खातो. पुढच्या हंगामात उतरवणीनंतर साधारण वीस मिनिटांत पावती मिळू लागली. काट्यावरची रांग मात्र फारशी घटली नाही, कारण काटा एकच होता, आणि तो प्रश्न दुसऱ्या काट्याशिवाय सुटणारा नव्हता. हे मी मालकांना आधीच लिहून दिले होते.

जागांची यादी काट्यावर ठेवण्याची कल्पना माझी नव्हती. काट्यावरचे अण्णा म्हणाले, “जागा आधी कळली तर मी गाडी थेट त्या दारावर लावतो की.” इतकी वर्षे त्यांना कोणी विचारले नव्हते. आकृती काढून झाली की ती काम करणाऱ्यांसमोर टेबलावर पसरावी, हातात पेन्सिल द्यावी आणि आपण गप्प बसावे.

आपल्या खरेदी विभागाला जवळचे उदाहरण फोर्ड कंपनीचे आहे, आणि ते व्यवस्थापनतज्ज्ञ मायकेल हॅमर यांनी 1990 मधील लेखात सांगितल्यामुळे प्रसिद्ध झाले. फोर्डच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात 500 हून अधिक लोक होते, तर माझदा या जपानी मोटार कंपनीकडे तेच काम पाच जण करत. फोर्डमध्ये खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल यांतील 14 बाबी जुळवल्या जात आणि बहुतेक वेळ न जुळणाऱ्या कागदांमागे जाई. त्यांनी बिलच रद्द केले. माल दारात आला की तो संगणकातील आदेशाशी ताडायचा, जुळला तर पैसे द्यायचे. मनुष्यबळ 75 टक्क्यांनी घटले. आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलता येणार नाही, कारण जीएसटीची वजावट मिळवण्यासाठी पुरवठादाराचे कर-बिल जवळ असणे कायद्याने आवश्यक आहे. पण बिल, पीओ (खरेदी आदेश) आणि जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) यांत तफावत नेमकी कुठे जन्मते, दरात, नगांत की एककात, हे गेल्या तीन महिन्यांच्या अडकलेल्या बिलांवरून आपण आठवडाभरात काढू शकता. आदेशात किलो आणि मालासोबतच्या चलानात नग असे असेल, तर दुरुस्ती देयक विभागात न करता आदेश तयार होतो तिथे करायला हवी.

सॉफ्टवेअरपुरते सांगायचे तर बीपीएमएन डॉट आयओ ब्राउझरमध्ये फुकट चालते, कॅमुंडा मॉडेलरही मोफत आहे, आणि दोन्ही एका दुपारी हाताळता येतात. आपल्या कारखान्यात ईआरपी (खरेदी, साठा, हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर) असेल तर त्यातून तीन स्तंभ मागून घ्या: कामाचा क्रमांक, टप्प्याचे नाव आणि तो टप्पा झाल्याची तारीख-वेळ. एवढ्यावर एक्सेलमध्येही प्रत्येक टप्प्यातला विलंब काढता येतो, आणि पुढे प्रोसेस मायनिंग, म्हणजे संगणकातील नोंदींवरून प्रक्रियेची खरी वाट शोधणे, शिकायचे झाले तरी त्याचा पाया हेच तीन स्तंभ आहेत. अभ्यासक्रम त्यानंतर निवडावा. त्याआधी सोमवारी सकाळी येणारी पहिली खरेदी मागणी उचला, तिच्यावर पेन्सिलने वेळ लिहा, आणि माल स्टोअरमध्ये जमा होईपर्यंत ती ज्या ज्या टेबलावर जाईल तिथे स्वतः जाऊन पुढची वेळ लिहीत राहा. असे दहा मागण्यांचे कागद जमले की ते सोबत ठेवून पुन्हा विचारा. मग आपल्याला कोणता अभ्यासक्रम उपयोगी पडेल ते मी नेमके सांगू शकेन.