मागच्या खात्याचे व्याज पुढच्या खात्याला कसे लागले?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवरील एक स्टोअर्ड प्रोसीजर (डेटाबेसमध्येच साठवलेला आज्ञांचा संच) दरमहा ठेवींवर व्याज आकारते. लूपमध्ये, म्हणजे खात्यागणिक होणाऱ्या फेऱ्यांत, प्रत्येक खात्याची शिल्लक आणि व्याजदर ही दोन व्हेरिएबल्स (मूल्य तात्पुरते ठेवण्याच्या जागा) पूर्वी दोन वेगळ्या ‘सेट’ विधानांनी भरली जात. मी दोन टेबले जोडून ती एकाच ‘सिलेक्ट’ने भरली. त्यानंतर ज्या खात्याचा दर नोंदलेलाच नव्हता, त्यात आधीच्या खात्याइतकेच व्याज पैशापर्यंत तंतोतंत जमा झाले. असे का व्हावे?

उत्तर : एकाच सिलेक्टचा आपला निर्णय मला योग्य वाटतो, कारण सेट एका वेळी एकच व्हेरिएबल भरते आणि दोन सेटच्या मधल्या क्षणी कोणी नोंद बदलली, तर जुनी शिल्लक आणि नवा दर अशी विजोड जोडी हाती येऊ शकते. मात्र दोन्ही विधानांच्या वागण्यात एक महत्त्वाचा फरक आहे. उपक्वेरीतून, म्हणजे मूल्य शोधून आणणाऱ्या आतल्या विधानातून, एकही ओळ आली नाही, तर सेट त्या व्हेरिएबलमध्ये ‘नल’ (मूल्य नसल्याची खूण) ठेवते. सिलेक्ट अशा वेळी काहीच भरत नाही; दोन टेबले जोडल्यावर दर नसलेल्या खात्याची ओळच आली नाही, त्यामुळे मागच्या फेरीतील शिल्लक आणि दर दोन्ही तसेच राहतात आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. व्हेरिएबल लूपच्या आत डिक्लेअर केले, तरी आरंभीचे मूल्य न दिल्यास ते दर फेरीला रिकामे होत नाही, हे अनुभवी मंडळींच्याही नजरेतून निसटते.

उलट एकाहून अधिक ओळी आल्या, तर सेट ५१२ क्रमांकाची त्रुटी देऊन थांबते, पण सिलेक्ट शेवटी वाचलेल्या ओळीतील मूल्य मुकाट्याने ठेवून घेते. पैशांच्या हिशेबात मला हे अधिक धोक्याचे वाटते.

म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी ‘सिलेक्ट @शिल्लक = नल, @दर = नल’ असे लिहावे आणि मूल्ये घेणाऱ्या सिलेक्टनंतर लगेच @@रोकाउंट (किती ओळी आल्या तो आकडा) तपासावे; ते नेमके १ नसेल, तर व्याज न आकारता तो खातेक्रमांक वेगळ्या टेबलात नोंदवावा. @@एररही (आधीच्या विधानाचा त्रुटी-क्रमांक) हवे असल्यास ‘सिलेक्ट @ओळी = @@रोकाउंट, @चूक = @@एरर’ अशी दोन्ही एकाच विधानात घ्यावीत, कारण पुढचे विधान चालताच ती बदलतात.

आधी जमा झालेल्या व्याजासाठी, दराची नोंद नसलेली सर्व खाती ‘लेफ्ट जॉइन’ने (दुसऱ्या टेबलात जुळणारी नोंद नसली तरी खाते दाखवणाऱ्या जोडणीने) शोधून त्यांच्या नोंदी पुढील आकारणीपूर्वी दुरुस्त कराव्यात.