स्वस्त लॅपटॉपवर लिनक्स

प्रश्न : माझ्या हलक्या लॅपटॉपमध्ये 4 जीबी रॅम आणि 32 जीबी ईएमएमसी (अंगभूत साठवण) आहे, विंडोजच्या अपडेटलाही जागा उरत नाही. विंडोजऐवजी लिनक्स (मोफत संगणक प्रणाली) टाकावे का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : अवश्य टाकावे. लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकाराच्या हलक्या एक्सएफसीई आवृत्तीला किमान 2 जीबी रॅम आणि 20 जीबी जागा लागते. मात्र ईएमएमसी सहसा बोर्डावरच जोडलेली असल्याने ती पुढे वाढवता येत नाही, म्हणून दोन्ही प्रणाली ठेवण्याचा मोह टाळावा आणि कागदपत्रे बाहेर उतरवून घेऊन सगळी जागा लिनक्सलाच द्यावी. त्याआधी लिनक्स लॅपटॉपमध्ये न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालवून वाय-फाय तपासावे. घोडे बहुधा तिथेच अडते. सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्ही लिहावे लागते, त्यासाठी दोन्ही भाषांचे इन्स्क्रिप्ट (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाणित मांडणी) कळफलक जोडून घ्यावेत. ‘क’ आणि ‘ಕ’ एकाच कळीवर येतात.